भिगवणच्या पाण्यावर दोन सकाळी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरांवर भिगवण लागते. आगगाडीच्या प्रवाशांस हे नाव एका स्टेशनाचे म्हणून ठाऊक असते, मत्स्याहारी मंडळींस तेथील मासळीच्या बाजाराकरिता, आणि अलीकडे गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणाऱ्या तरुणांस तेथील पाणपक्ष्यांकरिता. आम्हांस मात्र ते ह्या तिन्ही कारणांवाचून लहानपणापासून परिचित आहे. आमचे आजोळ तेथून काही कोसांवर, भीमेच्या अगदी काठाला होते. ‘होते’ असे लिहिण्याचे कारण, ते गाव आज त्या जागी नाही. माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पुरे झाले, आणि त्याचे पाणी मागे सरकत सरकत करमाळा, इंदापूर, दौंड ह्या तालुक्यांतील नदीकाठच्या कित्येक गावांवरून फिरले. ह्या जलाशयास यशवंतसागर असे नाव आहे. त्याचा एकंदर साठा सुमारे ११७ टीएमसी धरतात, आणि त्यातील अर्ध्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचे, म्हणजे कालव्यांच्या पातळीखालचे असते.

ह्या पाण्याखाली आमच्या मामांचे सोळा एकर रान आहे. कूळकायद्यातून जे राहिले होते ते एवढेच. गाव उठले तेव्हा मामा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर ते पुण्यास आमच्या घरी येऊन राहिले, मुलांच्या मुंजी आणि मुलींची लग्ने येथूनच झाली, परंतु पाण्याच्या त्या बाजूस ते पुन्हा गेले नाहीत. सोलापूरच्या गाडीत बसण्याचा प्रसंग आला तर भिगवणपाशी ते खिडकीकडे पाठ करून बसत. त्यांचे दुःख बोलून दाखविण्याचे नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नाही.

२०२४ च्या जानेवारीत एके दिवशी आमच्या पुतण्याने दुपारच्या चहाच्या वेळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचले. कुंभारगावच्या काठी रोहित पक्षी आले असून ते पाहावयास लांबलांबून लोक येत आहेत, अशी ती बातमी होती. मामा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ते एकदम म्हणाले, “माझ्या गव्हाच्या रानात पाखरे चरतात म्हणता, तर कोणती ती एकदा आणून दाखवा मला.” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “तू तो फोटोचा नाद लावून घेतला आहेस ना? गच्चीवरचे कावळे पुरे झाले. तिकडे जा.”

हा नाद आम्हांस साठी उलटल्यावर लागला. पुतण्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आमच्या स्वाधीन केला, आणि त्यासोबत चारशे मिलिमीटरचे दूरवेधी भिंगही. पहिले वर्षभर आम्ही वाड्याच्या गच्चीवरून कावळे, बुलबुल आणि शेजारच्यांच्या शेवग्यावरील सूर्यपक्षी ह्यांवर हात बसविला. परंतु पाण्याकाठच्या लंबपाद पक्ष्यांचे छायाचित्रण ही विद्या वेगळी आहे, हे तेथे गेल्यावरच कळले. मामांच्या बोलण्यानंतर पंधरा दिवसांत पुतण्यासह आम्ही निघालो. निघताना मामांनी रानाच्या खुणा सांगितल्या. गावठाणाच्या उगवतीस मोटेची काळ्या दगडाची विहीर, आणि तिच्यापाशी उभे राहून उत्तरेस पाहिले तर पलीकडच्या काठावर बसलेल्या बैलासारखा दिसणारा माळाचा उंचवटा. चव्वेचाळीस वर्षांनंतर पाण्यात ह्या खुणा कोठून सापडणार, असे आमच्या मनात आले. पण आम्ही ते वहीत टिपून घेतले.

कुंभारगावात पाहुण्यांस उतरवून घेणारी घरे आता पुष्कळ झाली आहेत. कोळी व शेतकरी कुटुंबे पडवीत खाटा टाकून देतात, पहाटे चहा करून देतात आणि घरचाच कोणी नावाडी होतो. माशांचे जेवण हे तेथील वैशिष्ट्य. आम्ही पिठले-भाकरी मागितली तेव्हा यजमानीणबाईंनी किंचित खेदाने आमच्याकडे पाहिले, पण पिठले असे केले की आमच्या थोरल्या वहिनींनी ऐकू नये.

पहिल्या सकाळी सहा वाजता आम्ही काठावर आलो. नावाड्याने अंगात घालावयास फुगीर नारिंगी जाकिटे दिली. धोतरावर ते ध्यान कसे दिसेल ह्या संकोचाने आम्ही नको म्हटले. त्याने ऐकले नाही, आणि तेच योग्य केले. पुढे त्याच वर्षी २१ मे रोजी कळाशी आणि कुगाव ह्यांच्या दरम्यान ह्याच पाण्यावर वादळात बोट उलटून सहा माणसे बुडाली. जलाशय म्हणजे तळे नव्हे. वाऱ्याचे दिवस असले म्हणजे तो समुद्राचे सोंग आणतो.

आता प्रकाशाविषयी थोडे लिहितो, कारण ह्या विद्येत पक्ष्याइतकाच तो पाहावा लागतो. पाण्याकाठी विजेचा दिवा चमकविणे व्यर्थ आणि असभ्यही. तेवढ्या अंतरावर तो पोहोचत नाही, आणि पोहोचला तर पाखरू दचकते. सर्व काम सूर्यावर सोपवावे लागते. सूर्योदयानंतरचा तास-दीड तास सर्वांत चांगला. तेव्हा ऊन तिरपे आणि पिवळसर असते, पक्ष्याच्या पोटाखालचा भागही उजळतो आणि डोळ्यात एक तेजाचा ठिपका उमटतो. हा ठिपका नसेल तर पक्षी कितीही स्पष्ट आला तरी पेंढा भरलेला दिसतो. नवशिक्याने एकच नियम पाळावा: आपली सावली पक्ष्याच्या रोखाने पडेल असे उभे राहावे. पुतण्याने हा आम्हांस पहिल्या दिवशी सांगितला आणि नावाड्यास तो आधीच ठाऊक होता. तो आम्हांस सरळ न नेता मोठा वळसा घालून पूर्वेच्या अंगाने नेऊ लागला. नऊ-साडेनऊनंतर चिखल तापतो, त्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. त्यानंतर कितीही किमती भिंग असो, त्याचा उपयोग नाही. आकाश पातळ अभ्राने झाकलेले असेल तर मात्र पांढऱ्या पक्ष्यांची चित्रे उशिरापर्यंत घेता येतात, कारण तेव्हा सावल्या मऊ पडतात.

पांढरा पक्षी ही खरी परीक्षा. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची समजूत अशी असते की जगातील प्रत्येक दृश्य सरासरीने राखी आहे. वर्गातल्या हुशार मुलास खाली ओढून आणि ढ मुलास वर ढकलून सर्वांस मध्यावर आणून बसविणारे परीक्षक आम्ही पाहिले आहेत. त्यांतलाच हा एक. काळ्या पाण्यात एकटा बगळा उभा असला तर तो पाण्याचा काळोख पाहून चित्र उजळ करतो, आणि बगळ्याची पिसे चुन्याच्या निवळीसारखी सपाट होऊन जातात. तेथे त्याला आपण एखादी पायरी खाली आणावे लागते. उलट पांढऱ्या थव्याने सारी चौकट भरली तर तो घाबरून चित्र मळकट करतो. तेथे त्याला वर चढवावे लागते. हे एकदा समजले म्हणजे यंत्राचा राग येत नाही. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. सावलीत दडलेला तपशील मागाहून काही अंशी वर काढता येतो, पण जे पांढरे जळून गेले ते परत येत नाही.

त्या सकाळी पाण्यावर विरळ धुके होते. प्रथम दिसले ते शेकाटे. ह्या पक्ष्याचे पाय गुलाबी, काडीसारखे आणि शरीराच्या मानाने इतके लांब की पाण्यावर टाच उचलून चालणाऱ्या नव्या सुनेची आठवण व्हावी. त्यांच्यापलीकडे चमचे, आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत, ताक घुसळल्यासारखे पुढे सरकत होते. चित्रबलाकांची पाच-सहा जोडपी एका उंचवट्यावर उभी होती. हा पक्षी परदेशचा पाहुणा नव्हे. जवळच भादलवाडीच्या तलावातील झाडांवर त्याची वीण होते. त्याच्या पिसाऱ्याचा गुलाबी रंग पाठमोऱ्या उन्हात दिसत नाही, कडेने ऊन आले म्हणजेच खुलतो.

आणि मग नावाड्याने बोट दाखविले. धुक्याच्या पलीकडे एक लांब फिकट रेघ होती, ती हलत होती. हे रोहित. दोन-अडीचशे तरी असावेत. उंची चार फुटांची, मान सापासारखी, आणि चोच मध्येच वाकलेली. खाताना हा पक्षी डोके पूर्ण उलटे करतो, म्हणजे वरची चोच खाली येते. मग जिभेने पाणी आत-बाहेर ओढून चोचीच्या कडेच्या जाळीतून बारीक किडे, शेवाळ गाळून घेतो. त्याचा गुलाबी रंगही ह्या अन्नातूनच येतो. पिले राखी असतात. आमच्यासमोरच्या थव्यात अशी राखी पोरे बरीच होती. कच्छच्या रणात जन्मून ती प्रथमच एवढ्या दक्षिणेस आली असावीत.

नावाड्याने इंजिन बंद केले. “गुरुजी, इथंच थांबू,” तो म्हणाला. अंतर बरेच होते. कॅमेऱ्यातून पाहिले तर पक्षी अंगठ्याच्या नखाएवढे. आमच्या डोळ्यांपुढे मामा आले, आणि खरे सांगावयाचे तर मामांपेक्षाही पुतण्याच्या मित्रमंडळींनी काढलेली चौकटभर चित्रे आली. आम्ही म्हणालो, “आणखी थोडे पुढे घ्या.” त्याने वल्ह्याने थोडे घेतले. “आणखी थोडे.” तो म्हणाला, “माना वर झाल्यात गुरुजी.” खरोखरच साऱ्या माना वर झाल्या होत्या, खाणे थांबले होते. मग सारा थवा एकाच दिशेने चालू लागला, सैन्य चालते तसा. हे पक्ष्यांचे सांगणे असते, ते आम्ही आता ओळखतो. त्या वेळी आम्हांस ती संधी वाटली. आम्ही पुन्हा हाताने खूण केली. नाव आणखी दहा-पंधरा हात सरकली असेल, एवढ्यात पुढचे पक्षी पाण्यावर धावू लागले, आणि पाहता पाहता सारी रेघ पंख उघडून उठली. पंखांखालचा तांबडा रंग एकदम पेटल्यासारखा दिसला. दृश्य अपूर्व होते, आणि आम्ही त्याची तीस-चाळीस चित्रे घेतली. नंतर पाहिले तो त्यांत शेपट्या, अर्धे पंख आणि बाकी रिकामे आकाश.

नावाडी काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आता ती लवकर खाली बसायची न्हाईत. खायाला आल्यात ती, गुरुजी. आपुन जेवत असताना कुणी येऊन ताट सरकीवलं तर?”

पंक्तीत बसलेल्यास उठवू नये, हे आम्ही घरात चार पिढ्यांस सांगत आलो. छत्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. तो माणूस आम्हांहून वयाने वीस वर्षांनी लहान, आणि त्याने हे एका वाक्यात सांगितले. आम्हांस त्याच्याकडे पाहवेना. पुतण्या भल्या स्वभावाचा; त्याने भिंगाची काच पुसण्याचे निमित्त केले.

परत येताना काठावर हिरवट साय आलेली दिसली, तिला वासही होता. मुळा-मुठा वर भीमेस मिळते आणि पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊनच हे पाणी येथवर येते. जाळ्यांत आता बहुतेक चिलापीच मिळते, पूर्वीचे मासे गेले, असे नावाड्याने सांगितले. हेच पाणी पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणून जाते, आणि आपण ते तीर्थ म्हणून डोळ्यांस लावतो. ह्यावर अधिक लिहिण्याचा आम्हा पुणेकरांस अधिकार नाही.

दुपारभर आम्ही पडवीत पडून होतो. डोक्यात पंचतंत्रातील बगळा घोळत होता. माशांस फसवून खाणारा आणि शेवटी खेकड्याकडून मान तोडून घेणारा तो बगळा आम्ही कित्येक वर्गांस शिकविला, आणि ‘बकध्यान’ ह्या शब्दाचा अर्थ ढोंगीपणा असा फळ्यावर लिहून दिला. परंतु सकाळी एका बगळ्याकडे आम्ही अर्धा तास पाहिले होते. त्यात ढोंग कोठे होते? तो उभा होता, पाहत होता, आणि भूक लागल्यावर एकदाच चोच मारीत होता. आमच्या कोशकारांनी त्या बिचाऱ्याला उगीच बदनाम केले असे वाटू लागले. त्यातल्या त्यात हंसाचे नशीब बरे. येथे हिवाळ्यात येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस तिबेटकडील सरोवरांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो-जातो. मेघदूतातील मानसाकडे जाणारे हंस हेच असावेत, असा आमचा तर्क. मात्र कालिदासाचे हंस मेघांची गर्जना ऐकून निघतात. भिगवणचे हंस मार्च संपता संपताच निघून जातात, आणि त्या वेळी येथे ढग औषधालाही नसतो. कवीने उज्जयिनीकडचे काही वेगळे पाहिले असेल, अथवा त्याला मेघाचीच सोबत हवी असेल.

युरोपात ह्या कलेच्या आरंभी लोकांनी काय काय केले ते वाचले म्हणजे करमणूक होते. इंग्लंडातील रिचर्ड व चेरी कीअर्टन ह्या दोघा बंधूंनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे आतून पोकळ ठेवून भरविले, आणि त्याच्या पोटात बसून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. आम्ही ही गोष्ट संध्याकाळी यजमानांस सांगितली. ते हसले नाहीत. “बैल पाण्यात उभा ऱ्हायला तर पाखरू त्याच्या पाठीवरच बसतंया,” ते म्हणाले, “त्या सायबानं बराबर केलं.”

त्याच वेळी आम्ही वहीतील मामांच्या खुणा वाचून दाखविल्या. नावाड्याच्या वडिलांनी गावाचे नाव ऐकले आणि मान हलविली. त्यांचेही रान गेले. ते शेतकरी होते, पाणी आल्यावर होडी घेतली आणि चाळिशीत जाळे टाकावयास शिकले. मोटेची विहीर म्हणताच मुलगा म्हणाला, “काळ्या दगडाची? थारोळं हाय तिला? तिच्या तोंडाला आमची दोन जाळी फाटल्यात. औंदा ती उघडी पडलीया.” २०२३ च्या पावसाळ्यात धरण पुरते भरले नव्हते आणि जानेवारीतच उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले होते. सोलापूरकडे त्या साली पाण्याची हलाखी झाली, आणि आमच्या मामांची विहीर वर आली. एकाच कारणाची ही दोन कार्ये. त्यांत आनंद मानावा की नाही हे आम्हांस ठरविता आले नाही.

दुसऱ्या दिवशी काळोखातच निघालो. इंजिन नाही, वल्हे. पुतण्यास आम्ही मागे ठेवले. दोन माणसांपेक्षा एकाची हालचाल कमी. नावाड्याने विहिरीपासून पन्नास-साठ पावलांवर, पूर्वेच्या बाजूस उतरविले, चिखलावर गोणपाट अंथरले, अंगावर एक मातकट चादर टाकली आणि म्हणाला, “आता उठायचं न्हाई. मी लांब थांबतो.” कॅमेरा त्याने पालथ्या घमेल्यावर ठेवावयास लावला, म्हणजे भिंग पाण्यापासून वीतभरच उंच राहिले. ही उंची महत्त्वाची. उभे राहून घेतलेल्या चित्रात पक्षी चिखलावर चिकटविल्यासारखा दिसतो. त्याच्या डोळ्याच्या पातळीवर गेलो म्हणजे तो उभा राहतो आणि मागचे पाणी दूर सरते.

सुमारे पाऊण तास काहीच झाले नाही. थंडीने गुडघे धरले. विहिरीचा गोल तेवढा पाण्याबाहेर हातभर दिसत होता, तिच्या एका अंगास थारोळ्याचा दगड, आणि ज्या उतारावरून बैल मागेपुढे जात ती धाव चिखलात अर्धी बुडालेली. मोट चालत असताना त्या धावेवर आम्ही बसून गाणी ऐकली असतील. नक्की आठवत नाही. उत्तरेस उजेड फुटला तसा बसलेल्या बैलाचा उंचवटा हळूहळू ओळखू येऊ लागला.

प्रथम लहान पक्षी आले. चिखल्या पक्षी दोन पावले धावतो, थांबतो, पुन्हा धावतो, जणू काही विसरले म्हणून परत फिरतो. तुतवार शेपूट खालीवर करीत आमच्यापासून दहा हातांवर आला. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून त्याने एकदा पाहिले आणि आपले काम पुढे चालविले. आम्ही चित्रे फार घेतली नाहीत. सूर्याची कोर वर आली तेव्हा पाणी आधी जांभळे, मग तांब्याच्या तांब्यासारखे झाले. धुक्यातून शेकाट्यांचा थवा उतरला. आम्ही शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले होते. प्रकाश तेवढ्यास पुरेना, म्हणून पाचशेव्या भागावर आणले. उभ्या पक्ष्यास तेवढे पुरते, आणि घमेले काही नावेसारखे डुलत नव्हते.

राखी बगळा केव्हा आला हे आम्हांस कळले नाही. शेकाट्यांकडे पाहत होतो, आणि मान वळविली तो तो थारोळ्यावर उभा होता. ऊन त्याच्या उजव्या अंगावर तिरपे पडले होते, डोक्यामागचा काळा तुरा वाऱ्याने हलत होता, आणि डोळ्यात तो ठिपका होता. मागे पाणी, आणि पाण्यामागे बैलाचा उंचवटा. आम्ही श्वास धरून सहा चित्रे घेतली. मग कॅमेरा सोडून नुसते पाहत बसलो. तो वीस मिनिटे तेथे होता. एकदा त्याने मासा धरला, गिळला, पाण्यात चोच बुडवून स्वच्छ केली. मग आपल्या आपण, कोणी न उठविता, संथपणे उडून गेला. डोक्यावरून त्या वेळी रोहितांची एक रांग गेली. तिचे चित्र आम्ही घेतले नाही, कारण उठायचे नाही असे सांगितलेले होते.

पुण्यास आल्यावर पुतण्याने सहांतील एक चित्र दीड फुटाच्या कागदावर छापून आणले. मामांनी ते खिडकीपाशी नेले, चष्मा पुसला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्हांस वाटले त्यांस पक्षी दिसला नाही. मग त्यांनी बोटाने कागदाच्या एका कोपऱ्यावर स्पर्श केला.

“थारोळ्याचा हा कोपरा तुटला आहे ना? बहात्तरच्या दुष्काळात गाळ काढताना तुटला. यारीचा दगड पडला होता.”

आम्ही इतक्या वेळा ते चित्र पाहिले, तो तुटका कोपरा आमच्या ध्यानात आला नव्हता.

“आणि हा कोण उभा?”

“राखी बगळा, मामा.”

“थोराड दिसतो. खातो काय?”

“मासे.”

“आपल्या विहिरीत मासे नव्हते,” मामा म्हणाले, आणि हसले. त्या पाण्याविषयी बोलताना ते हसल्याचे आम्ही प्रथमच पाहिले.

चित्र चौकटीत घालू म्हटले तर त्यांनी नको सांगितले. ते त्यांनी पंचांगाच्या खाली उशाशी ठेवले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास काढून दाखवीत. घरातल्या मुलांस त्यावरून मोट कशी चालत असे हे त्यांनी हातवारे करून शिकविले. तो सारा उन्हाळा पाणी खाली खाली जात राहिले. मे महिन्यात तर जलाशयाचा तळ भेगाळल्याची चित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली. मग पाऊस लागला. ऑगस्टमध्ये श्रावणाच्या तोंडाशी धरण भरल्याची बातमी पुतण्याने त्याच चहाच्या वेळी वाचली.

मामांनी डोळे उघडले. “म्हणजे विहीर गेली पुन्हा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “मग तो बगळा आता कोठे उभा राहील रे?”

आम्ही सांगितले, पाणी चढेल तसा तो काठाकडे सरकेल. काठाला उथळ पाणी असते.

“आपल्या बांधापर्यंत येईल का?”

बांध पाण्याच्या वर आहे की खाली, हे आम्हांस ठाऊक नव्हते. येत्या हिवाळ्यात जाऊन पाहून येतो, असे आम्ही त्यांस सांगितले.